पांढऱ्या पातळांचा मांडव

आईचं पांढरं पातळ मी एका चित्रकार मुलीला दिलं. मुलगी झाशीजवळच्या चिरगावची, हिंदी बोलणारी. सदर बाजारामागच्या आमच्या समाजाच्या हॉलचं त्या वर्षी कलादालन झालं होतं. म्हणजे खुर्च्या बाहेर काढल्या, भिंतींना चुना दिला आणि आजचे कलाकार बुद्धाकडे कसं पाहतात, याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. ती मुलगी त्यासाठी घरोघर फिरत होती.

"दीदी, पौर्णिमा को जो सफ़ेद साड़ी पहनती हैं, वही चाहिए. बाद में लौटा दूँगी."

"त्याच्यावर चित्र काढणार?"

"नहीं दीदी, कुछ नहीं बनाऊँगी."

मग कशाला हवीय, असं तोंडावर आलं होतं. पण आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. हिला कला कळत नाही, असं कुणी म्हणायला नको. दिलं काढून.

दिलं आणि लगेच परत मागून घ्यावंसं वाटायला लागलं. आई गेल्यावर तिच्या बाकीच्या साड्या मी वाटून टाकल्या होत्या. हे एवढंच ठेवलं होतं, बाबांच्या फौजेतल्या ट्रंकेत. बाबा बबीन्याच्या छावणीतून रिटायर झाले आणि आम्ही झाशीतच राहिलो. पण आई शेवटपर्यंत वऱ्हाडातलीच राहिली. ती गेली आणि घरात मला मराठीत हाक मारणारं कुणी उरलं नाही. मुलांना मराठी समजते, बोला म्हटलं की हसतात. मग मी अधूनमधून ट्रंक उघडायची. पातळाला डांबरगोळ्यांशिवाय कसलाच वास नव्हता, तरी नाकाशी धरायची.

आमच्या गल्लीतलं कुणी सुट्टीवर नागपूरला गेलं, की सगळ्या बायकांसाठी एकाच दुकानातून पातळं आणायचं. सगळी सारखी, बारीक निळ्या काठाची. एरवी नळावर सुभेदारणीची घागर आधी लागायची आणि हुद्द्यानं खालच्या आमच्यासारख्यांची मागून. बुद्धपौर्णिमेला मात्र सगळ्याजणी एका रांगेत, एकीसारखी दुसरी. आईला त्या दिवसाचं भारी अप्रूप होतं. मला राग यायचा. लहानपणी मी कितीदा भलत्याच बाईचा पदर धरून चालायला लागायची. ती बाई म्हणायची, "मी नाही वं तुही माय!" आणि आई मागून खुदुखुदु हसायची.

प्रदर्शन सुरू झालं तशी मी इलाइट चौराह्यावरून टेम्पो धरून गेले. भिंतींवर चित्रं होती, चांगली होती. पण सगळे मधोमध थांबत होते. तिथं त्या मुलीनं सगळी पातळं काठाला काठ जोडून शिवली होती आणि वरून मांडवासारखी सोडली होती. खाली एक दगडी पाट. पाटावर कुणीच नाही.

बूट काढून, हातात झेंडूचं फूल घेऊन एक काका उभे होते. मलाच म्हणाले, "मूर्ति कहाँ है, बहनजी?"

मी त्यांना सांगितलं की फार जुन्या काळी कारागीर बुद्धाची मूर्ती घडवतच नसत, रिकामं आसन दाखवत. कॉलेजात इतिहास होता मला. काकांनी ऐकून घेतलं, पण फूल काही खाली ठेवलं नाही.

मला बुद्धही नको होता आणि इतिहासही. मी वर मान करून आईचं पातळ शोधत होते. मला वाटलं होतं, पाहताक्षणी ओळखेन. पंख्याच्या वाऱ्यानं सगळी एकदम हलत होती. शेवटी एका काठाजवळ बारीक रफू दिसला. तसा रफू आईच करायची. मी तिथंच खिळले.

"तिथं काय पायतेस वं?" मागून आवाज आला. आमच्या गल्लीतली मावशी, सुभेदारांची विधवा.

"हे आईचं."

"तुह्या मायचं? हे माहं होय! मेणबत्तीनं जळलं होतं, म्या रफू केला."

"आईचंही जळलं होतं, मावशी."

"सगळ्यांचंच जळे. मेणबत्ती का सुभेदारीण पाहून जाळते?"

"मग आईचं कोणतं?"

"मले काय माहीत! यातलंच एक." मग माझ्याकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाली, "बस इथं. मान दुखंल. जेवलीस का?"

मी बसले. जेवले होते, तरी नाही म्हणाले. तिनं पिशवीतून डबा काढला.

प्रदर्शन संपलं त्या दिवशी मी मुलीला म्हटलं, "उसवू नकोस. आम्ही हॉलमध्येच लावू." तसं झालं असतं तर कोणतं आईचं, हे मला कधी ठरवावंच लागलं नसतं. पण मावशी ऐकेना. "माहं मले पायजे. मी गेल्यावर मले त्यातच न्या, असं पोराले सांगून ठेवलं हाय." मुलीनं टाके उसवले, घड्या घातल्या. मावशीनं तेच रफूचं उचललं. रफू बाकीच्यांवरही होतेच. बाकीची मी एकेक करून नाकाशी नेली. सगळ्यांना उदबत्तीचा आणि चुन्याचा वास येत होता. मुलगी रडकुंडीला आली. "दीदी, मुझे निशान लगाना चाहिए था."

"असू दे," म्हटलं आणि वरचं घेतलं.

घरी येऊन ते ट्रंकेत ठेववेना. आजवर मी पांढरं कधी नेसले नव्हते; कचेरीत सलवार-कमीज, लग्नकार्यात सिल्क. आरशासमोर नेसून पाहिलं. मी उंच, त्यामुळे खालून आखूड पडलं, घोटे उघडे राहिले. आईही उंचच होती. तिचेही घोटे असेच दिसायचे, आणि ती सारखं खाली ओढायची. मीही ओढून पाहिलं. येत नव्हतं. पातळ कुणाचं होतं कोण जाणे, पण ते सोडावंसं वाटेना. तसंच नेसून कणीक मळायला घेतली.