रांग हलणार नाही

सांडोरच्या वाड्यांमधून मुली गोळा करून शाळेत पोचवायचं काम मी बारा वर्षं केलं. वाटेवरची कुसळं लुगड्याला चिकटतात ना, तसे किस्से चिकटत गेले. माझं शिक्षण चौथी. नियम एकच: प्रत्येक फाटकाशी थांबायचं, आतली मुलगी आल्याशिवाय रांग हलणार नाही.

*

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. रांगेत कुसुम होती. बोलायला भित्री, गणितात पक्की. तिला शाळेतून काढायला बापाला निमित्तच हवं होतं. शोभा तिची जिवाभावाची म्हणे. रोज तिच्या वेणीत अबोली माळायची आणि रोज तिची गणितं उतरवायची. मास्तरांनी पकडलं तेव्हा शोभा सरळ म्हणाली, हिनंच माझं बघून लिहिलं.

परतताना कुसुम मुसमुसत विचारते, "मावशी, ती आता बोलेल ना माझ्याशी?"

"बोलेल की. पुढचा धडा अपूर्णांकांचा आहे."

*

चैत्रात कुसुमच्या दोन्ही चपला तुटल्या. वाट तव्यासारखी तापलेली. शोभा "अगंबाई" म्हणून पुढच्या सावलीत पळाली. मागे राहिली विमल. भांडखोर पोरगी, कुसुमशी आठवड्यातून दोनदा कट्टी. तिनं आपली एक चप्पल काढून दिली आणि दोघी लंगडत निघाल्या.

मी खेकसले, अशानं दोघींचे पाय भाजतील.

"एकेकच भाजेल, मावशी."

त्या दिवशी मी रांगेला सांगितलं, मैत्रीण वेणीवरून ओळखू नका, तळपाय बघा.

*

हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं. मला बोलावून म्हणाले, मुलींना उपदेश करायला आम्ही आहोत, तुम्ही फक्त पोचवा.

मी म्हटलं, तेच करतेय. तुमच्या हिशेबानं पोचणं म्हणजे नुसतं शाळेपर्यंतच.

*

दिवाळीनंतर कुसुमची आजी वारली. काय बोलायचं कळेना, म्हणून मुली तिला टाळू लागल्या. विमल मात्र रोज संध्याकाळी जाऊन तिच्याशेजारी बसायची.

काय बोललीस गं, मी विचारलं.

"काही नाही. वाल सोलले. पुष्कळ होते."

*

आजी गेली आणि सुकेळी राखायला माणूस उरलं नाही. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, नि काठी घेऊन दिवसभर कावळे हाकायचे. बापानं काठी कुसुमच्या हातात दिली आणि फाटकाशी येऊन मला बजावलं, "हिच्यासाठी थांबू नका आता. शाळा संपली हिची."

मी म्हटलं, तिच्याशिवाय रांग हलत नाही.

"मग थांबा," म्हणाला आणि वळला.

विमलनं फाटक ढकललं, आत जाऊन मांडवाखाली मांडी घातली. पाठोपाठ बाकीच्या सोळा. शेवटी शोभासुद्धा. पाढे सुरू झाले, दोनपासून तीसपर्यंत, मग परत दोनपासून. गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. हेडमास्तर मुली शोधत आले. मी सांगितलं, एक कमी आहे, ती आली की निघतो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी फाटकाशी कुसुम दप्तर घेऊन उभी. मांडवाखाली काठी घेऊन तिचा बाप.

"न्या हिला, बाई," तो म्हणाला. "कावळे तरी हाकलले की जातात."