श्यामलालची डावी बाजू

मी जळकुकडी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको. लहानपणी आंधळगावला चुलत बहिणीच्या फ्रॉकला माझ्यापेक्षा एक झालर जास्त होती, म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. आईनं पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे घास गिळला. आता अडतीस वर्षांची आहे, नागपूरला शिकून ऑक्युपेशनल थेरपिस्ट झाले, भंडाऱ्यात स्वतःची दोन खोल्यांची जागा आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. आणि एवढं सगळं असून मी आयुष्यात सगळ्यात जास्त जळले कुणावर, तर सत्तरी उलटलेल्या, पुढचे दात पडलेल्या एका अंगठेबहाद्दर माणसावर. गोमाजी त्याचं नाव.

माझं काम लोकांना पटकन कळत नाही. मेंदूला मार लागून जे वाचतात, त्यांना रोजचं जगणं पुन्हा शिकवायचं. शर्टाचं बटण, ताटातला घास, अंघोळीचा तांब्या, आणि जमलं तर त्याचा जुना धंदा. लोक मला फिजिओवालीच म्हणतात. पहिली पाच वर्षं मी प्रत्येकाला दुरुस्त करायचे. मग थकले आणि तो नाद सोडून दिला.

श्यामलाल अड्याळकडच्या एका गावातला ढीवर. गाव तलावाला चिकटून, घरं मासेमारीवर चालणारी. दिवाळीनंतर तो मोटारसायकलवरून पडला, हेल्मेट घरी खुंटीला. नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं, वाचला. जानेवारीत मी त्याच्याकडे जायला लागले, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याचा डावा हात दुबळा झाला होता, पण खरी पंचाईत वेगळी होती. त्याच्या डोक्यातून डावी बाजूच निघून गेली होती. डोळे शाबूत, पण मेंदू तिकडे बघायलाच विसरला. ताटातला उजवीकडचा भात खायचा आणि डावीकडे अर्धा भात तसाच असताना बायकोला म्हणायचा, "भात सरला." दाढी अर्धी करायचा. बायको सखाबाई डावीकडून बोलली तर उत्तर नाही, उजवीकडे येऊन बोलली की म्हणायचा, "आता कुठून आली तू?"

सखाबाईनं पहिल्याच दिवशी मला काय हवं ते सांगितलं. "मॅडम, मे महिन्यात तलावात मोठं जाळं पडते. दोन बाजूनं दोर वढतेत. ज्याचा हात दोरावर, त्याची जागा. ह्यायची जागा डाव्या दोराले हाये, सासऱ्यापासून. घरचा मानूस उभा नाई राहिला तं जागा दुसऱ्याले जाते. मंग वर्षभर तलावात पाय नाई टाकता येत."

"घरातलं दुसरं कुणी?" मी विचारलं.

"पोट्टी हाये एक. तिले कोन उभं करते?" पोट्टी म्हणजे रीना, बारावीत होती, दारात उभी राहून ऐकत होती. मी सखाबाईला म्हटलं, मेपर्यंत आपण त्यांचा हात दोरावर आणू. हे मी म्हणायला नको होतं, असं आमच्या शिक्षणात शिकवतात. पण ती बाई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मी बोलून गेले.

मग मी लागले कामाला. त्याच्या डाव्या मनगटाला लाल पट्टी, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी. डावीकडे बसून बोलायचं. रंगीत कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, उचलून डावीकडे ठेवायचे. रबराचा गोळा दाबायचा. श्यामलाल भला माणूस, सांगितलं तेवढं करायचा. तीन वेळा कोन उचलायचा, चौथ्यांदा उजवीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. सात हप्ते झाले तरी अर्धं ताट तसंच उरत होतं. मी माझ्या फायलीत "प्रगती संथ" असं लिहीत होते आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी गेले तर ओसरीवर श्यामलालच्या डावीकडे एक म्हातारा बसलेला. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवून ताणून धरलेलं, हातात जाळं विणायची सुई. सगळं गाव त्याला गोमाजीबाबा म्हणायचं. गावातली फाटकी जाळी दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे. तो काही बोलत नव्हता. माझ्यासारखं "इकडे बघा, श्यामलाल, इकडे," असं एकदाही नाही. त्यानं जाळं श्यामलालच्या मांडीवर पसरलं होतं आणि स्वतः आपलं विणत होता. आणि श्यामलाल मान वळवून, डावीकडे, चांगला कानाच्या पलीकडे डावीकडे बघत, जाळ्यातलं फाटलेलं घर शोधत होता. सापडलं तसं डाव्या हातानं चिमटीत धरलं आणि उजव्या हातानं गाठ मारली. गाठ ढिली होती, पण गाठ होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी पाणी मागितलं आणि पाठ फिरवून प्यायले.

"मॅडम, बाबा काल पन बसले होते," रीना म्हणाली. "पाहा ना." तिनं मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. श्यामलाल गोमाजीकडे, म्हणजे डावीकडे, बघून हसत होता. सात हप्त्यांत तो माझ्याकडे बघून एकदाही हसला नव्हता.

पुढचे दहा-बारा दिवस मी नुसती धुमसत होते. श्यामलालनं ताट पूर्ण संपवलं, ते गोमाजीमुळे. पूर्ण दाढी केली, ते गोमाजीमुळे. शेजारीण येऊन सांगायची, "गोमाजीच्या हाताले जस हाये बाप्पा." आणि माझ्या हाताला काय, माती? मी उन्हातान्हात भंडाऱ्याहून येते, पुस्तकं वाचते, परदेशातल्या लोकांची भाषणं रात्री कानाला लावून ऐकते, आणि यश या म्हाताऱ्याचं. एकदा सखाबाईनं चहा आणला, पहिला कप गोमाजीला दिला, दुसरा मला. तो कप मी ठेवूनच दिला. चहावर रुसणारी बाई दुसऱ्याचा मेंदू दुरुस्त करायला निघालेली, काय म्हणावं.

त्या दिवशी निघताना गोमाजी माझ्या पाठोपाठ रस्त्यापर्यंत आला होता. कुणी जवळ नव्हतं. मी थांबले आणि मॅडमचा आवाज काढून म्हटलं, "हे जाळ्याचं काम बंद करा. त्यांच्या डाव्या बोटांना नीट समजत नाही. नायलॉनचा बारीक दोरा बोट कापेल, त्यांना कळणारही नाही. जखम चिघळेल."

पुस्तकात हे असंच लिहिलेलं आहे. पण मी श्यामलालची बोटं तीन वेळा तपासली होती. त्याला चांगलं समजत होतं, दोऱ्याचा वळसुद्धा उठत नव्हता. माझं सांगणं खरं नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं.

"कापते का?" गोमाजी म्हणाला. "बरं झालं सांगतलं मॅडम. मंग नाई आनत." आणि तो गेला.

तो आलाच नाही. सखाबाईला त्यानं फक्त एवढं सांगितलं की त्याला दुसरं काम आहे. माझं नावही घेतलं नाही. मी पुन्हा कोन आणि गोळा काढले. आता मोकळं मैदान होतं. पण दोन हप्त्यांत ताटात भात उरायला लागला. तिसऱ्या हप्त्यात दाढी अर्धी. श्यामलाल उजवीकडच्या भिंतीकडे बघत बसायचा आणि विचारायचा, "बाबा नाई आला?" मी म्हणायचे, येतील. पाचव्या हप्त्यात सखाबाई रडली. मोठं जाळं पडायला जेमतेम दीड महिना उरला होता.

तेव्हा मी गोमाजीच्या घरी गेले. वाटेत ठरवलं होतं की खरं सांगायचं. तो मोहाच्या झाडाखाली बसला होता, समोर पांढऱ्या जाड दोऱ्याचं जाळं, नवं, हातभर रुंद. मी बसायच्या आतच त्यानं ते माझ्या मांडीवर टाकलं.

"तुमी म्हनलं ना, बारीक दोरा कापते. म्हून सुती घेतला. जाड हाये, बोटाले रुतत नाई. हे चालन का पाहा. मी तुमाले इचारालेच येनार होतो भंडाऱ्याले."

जाळं नवं होतं, पण त्याची एका बाजूची घरं कापलेली होती. मी विचारलं, "हे काहून कापलं बाबा?"

"पयले पन मीच कापत होतो. चांगल्या जाळ्याची डावी कड कापून नेत होतो. तो डावीकडं पाहत नाई ना. काम तिकडं ठेवलं तं पाहते. कामाले मानूस नाई म्हनत नाई."

साडेचार वर्षं नागपूरला राहून मी जे शिकले होते, ते या माणसाला ओसरीवर बसून दोन दिवसांत समजलं होतं. आणि माझ्या खोट्या सबबीवर विश्वास ठेवून तो पाच हप्ते जाड दोऱ्याचं जाळं विणत बसला होता. मी काय केलं असेल? खरं सांगितलं? नाही. मला पुन्हा त्याचा हेवाच वाटला. मी जाळं बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हटलं, "हो, हे चालेल."

दुसऱ्या दिवसापासून गोमाजी परत डावीकडे बसू लागला. श्यामलाल वळला, बघू लागला, गाठी घट्ट व्हायला लागल्या. पण हातात ताकद यायला दिवस लागतात, आणि दिवस मी खाल्ले होते.

मेच्या शेवटच्या सोमवारी सकाळी मोठं जाळं पडलं. सगळा गाव काठावर. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष तुलाराम तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून एकेकाचं नाव घेत होता. श्यामलालचं नाव आलं, तो पाण्यात उतरला, डाव्या दोराला उभा राहिला. त्याच्यामागे गोमाजी. दोर ताणला गेला. अर्ध्या वाटेपर्यंत श्यामलालचे दोन्ही हात दोरावर होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग चिखल लागला, जाळं जड झालं, आणि त्याचा डावा हात उघडला. त्यानं मान वळवून हाताकडे बघितलं, परत धरलं. परत सुटला. तिसऱ्यांदा दोरानंच त्याला पाण्यात बसवलं.

तुलाराम वाईट माणूस नाही. तो खाली आला, श्यामलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अजून महिनाभर हात चालला असता तं झालं असतं गड्या. यंदा जागा दुसऱ्याले देतो. पुढच्या साली नाव तुयंच पयलं इचारीन."

सखाबाई मटकन पाळीवर बसली. श्यामलाल तिच्याजवळ, ओला, आपला डावा हात उजव्या हातात धरून. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी होत्या म्हून एवढं तरी उभे राहिले मॅडम. गोमाजीबाबानं तं मधातच सोडलं. महिनाभर तोंड नाई दाखवलन. जाळं सुरू असतं तं आज जागा गेली नसती."

गोमाजी चार पावलांवर दोर गुंडाळत होता. त्यानं ऐकलं. मान वर केली नाही, दोर गुंडाळतच राहिला.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. यश माझं, दोष त्याचा, आणि चारचौघांत, तिच्याच तोंडून. मी गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. तो तर सांगणार नव्हताच.

"सखाबाई," मी म्हटलं, "त्यांनी सोडलं नव्हतं. मी बंद करायला लावलं होतं."

"हातासाठीच ना?" ती लगेच म्हणाली. बिचारी मला वाट काढून देत होती.

"नाही. दोरा कापत नव्हता. श्यामलाल त्यांचं ऐकत होते, माझं ऐकत नव्हते. मला ते बघवत नव्हतं."

तिला समजायला वेळ लागला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग गोमाजीकडे, मग नवऱ्याच्या हाताकडे. शिव्या देईल असं मला वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. ती उठली, लुगड्याचा ओला काठ पिळला.

"मंगळवारी येजा मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या सालासाठी तुमी पन लागनार. पन बाबा डावीकडं बसन. तुमी मांगं बसजा."

मी जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी, मागे बसते, काही सांगायचं असलं तर गोमाजीला सांगते आणि तो त्याच्या पद्धतीनं करून घेतो. मागून श्यामलालचं तोंड दिसत नाही. तो हसला की मला गोमाजीच्या तोंडावरून कळतं, आणि अजूनही दर वेळी मी जळते.