ताटलीतला बुरूज

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या भिंतीला टेकून दुपारी एक म्हातारा बसायचा. पुढ्यात जमिनीवर जर्मनची ताटली, तिच्यात काठोकाठ पाणी. चिमण्यांसाठी असेल म्हणावं, तर चिमणी आली की तो तिला हुसकायचा.

एकदा मी विचारलंच, "भाऊ, पाणी कशाले?"

नजर न हलवता तो म्हणाला, "पहिले किल्ल्याले वेढा पडे, तवा दुश्मन भिंतीखालून भुयार खोदे. आतले लोक असंच पाणी ठेवत. पाणी हाललं, का समजा खाली कोणी खोदून राह्यलं."

"आता कोण खोदते?"

"माहा पोरगा. कोळशाच्या खाणीत हाये." त्यानं एक चिमणी हुसकली. "किल्ल्यातल्या लोकायले पाणी हाललं का भेव वाटे. मले नाई हाललं का वाटते."

खाणीतल्या सुरुंगांच्या बारांनी घराच्या भिंती तडकतात म्हणून मी एरवी चिडतो. त्या दिवशी मात्र मीही वाट पाहत बसलो. ताटलीत आभाळ होतं, उलटा बुरूज होता, सगळं झोपेत असल्यासारखं.

मग पाणी शहारलं. बुरूज विस्कटला आणि हळूहळू पुन्हा जुळला.

म्हाताऱ्यानं ताटली चिमण्यांकडे सरकवली.