रिकामी किटली

डॉक्टर म्हणाले, "इन्सोम्निया."

मी घाबरत विचारलं, "कापावं लागंल का?"

ते हसले नाहीत. तेही दमलेले दिसत होते. इन्सोम्निया म्हणजे निद्रानाश, झोप न येण्याचा आजार. झोप येत नव्हती हे मला ठाऊकच होतं, त्याला इंग्रजी नाव असतं हे त्या दिवशी कळलं.

कर्जतच्या दवाखान्यात मी काही आपणहून गेलो नव्हतो. आमच्या गावच्या भातगिरणीत मी मशीन सांभाळायचो. एका दुपारी स्टुलावर डुलकी लागली आणि सदऱ्याची बाही चालत्या पट्ट्यात गेली. बाही फाटून सुटली म्हणून हात राहिला. घरी बायकोनं, सुमननं, ती फाटकी बाही पाहिली. कात्री घेऊन माझ्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या कोपरावर कापल्या आणि मला एसटीत बसवलं.

रक्त तपासलं. ब्लडप्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, मोजला. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो आणि तिथंच घोरायला लागलो. माझा नंबर निघून गेला. ज्यांना हा आजार आहे त्यांना माहीत असेल, झोप अंथरुणाकडे फिरकत नाही आणि नको तिथं मांडी ठोकून बसते.

रिपोर्ट चांगले आले. "आधी काय काम करायचात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधाच्या किटल्या घेऊन माथेरान चढायचो. हॉटेलांचा रतीब होता."

"तेव्हा झोप लागायची?"

"जेवतानाच पेंग यायची."

"आता स्टुलावर बसता. डोकं दमतं, अंग दमत नाही. रोज भरभर चाला."

गोळी नाही, इंजेक्शन नाही. मला वाटलं, एसटीचं भाडं फुकट गेलं.

तरी संध्याकाळी निघालो. शेजारच्या हिराकाकूनं ओट्यावरूनच हटकलं. "काय रं दत्तू, कुनाला शोधतंस? बायको रुसून गेली काय?"

"नाय गं काकू, चालतोय नुसता."

"नुसता? काम नाय काय तुला?"

आमच्याकडे धडधाकट माणूस कामाशिवाय चालत नाही. चाललाच तर घरात काहीतरी बिघडलंय असं समजतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची जुनी किटली काढली आणि रिकामीच हातात घेऊन निघालो. मग कुणी कारण विचारीना. उलट दारोदारी हाका यायला लागल्या, "दमलास रं, च्या घे." मी घेत गेलो. कुणाचं मन कशाला मोडायचं? चालणं थोडं आणि ओटे फार, अशी फेरी व्हायची. झोप होती तीही गेली.

महिन्यानंतर सुमन म्हणाली, "पट्ट्याम्होरं बसता तुमी. हात गेला तर ही किटली कशानं धराल?" ती चेष्टा करत नव्हती. रोज मी गिरणीतून आलो की आधी माझे दोन्ही हात बघायची, मग तोंड.

पुन्हा दवाखाना. पुन्हा तोच बाक. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही व्यायाम करत नव्हता, चहा गोळा करत होता. संध्याकाळचा चहा बंद. सकाळी चाला, चढावर, घाम येईपर्यंत. आणि किटली घरी ठेवा."

किटली घरी ठेवणं सगळ्यात जड गेलं. सकाळी डोंगराच्या वाटेला रिकाम्या हातानं चालताना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटायचं. पाय दुखले. पहिले कितीतरी दिवस काहीच फरक नाही, नुसता थकवा. मग एकदा जेवताना पेंग आली. पुढं चार दिवस नाही. मग परत आली.

अजूनही एखादी रात्र कोरडी जाते. तुमचीही जाईल. सकाळी तरी चाला, एवढंच सांगतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, हसले नाहीत तरी.

हिराकाकू आजही विचारते, "सकाळी सकाळी कुठं रं?"

"झोपायला," मी म्हणतो आणि थांबत नाही.

गिरणीत मी अजून त्याच कापलेल्या बाह्यांचे सदरे घालतो, ते बरंच आहे. पण यंदा दिवाळीला सुमननं माझ्यासाठी नवा सदरा शिवून घेतला. लांब बाह्यांचा.