नसलेल्या गायीचा शोध

पायांना काम नसताना चालणं ही आमच्या लहानपणी जव्हारात लाजेची गोष्ट होती. माणूस पाण्याला जाई, लाकडांना जाई, कचेरीत जाई, देवाला जाई. नुसतं जायचं आणि तसंच परत यायचं, असं कुणी करत नसे. केलंच तर त्याच्या घरात काही बिनसलंय असं लोक धरून चालत. आमच्या घरात बिनसलेलंच होतं, आणि ते झाकायची बाबांची फार धडपड.

बाबा दरबारच्या कचेरीत कारकून होते. श्रावणात आईला मुलगी झाली आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेली. घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. मुलीची जात, त्यात नाव न ठेवलेली. पाळणा माळ्यावर गेला आणि विषय संपला. आई मात्र चुलीपुढे बसली की उठायची नाही. भात करपला तरी हलायची नाही. बोललीच तर इतकं हळू की मला राग यायचा, आणि मी तो दाखवायचेही, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की औषधं पुरे झाली, आता यांना रोज संध्याकाळी मोकळ्यावर चालवा, नाहीतर हे दुखणं अंगात मुरेल.

तेव्हापासून आमची वरात निघू लागली. पुढे बाबा, अंगात कोट, डोक्यावर टोपी आणि आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी हातात छत्री. वीस पावलं मागे आई, कारण नवराबायकोनं जोडीनं चालणं तेव्हा शोभत नसे. मधे मी, नऊ वर्षांची, दोघांच्या मधलं अंतर मोजत. गावातली घरं संपली की बाबा जरा सैल पडायचे. आश्विन होता. शिरपामाळाच्या वाटेला दोन्हीकडे गवत माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकून तांबूस काळी झालेली, खाली खाचरांत भात वाकलेला. लांबच्या डोंगरांची नावं बाबा रोज सांगायचे, काल सांगितलीच नव्हती अशा थाटात. आई ऐकत नसे, आणि सांगायचे तर ते तिच्यासाठीच.

वाटेत एक पाडा लागे. समोर आलेल्याला ‘कठं जातास?’ असं विचारायची तिथली रीत. त्यात चौकशी नव्हती, रामरामासारखंच ते. पण बाबा दर वेळी बावरायचे आणि ‘इकडेच जरा’ असं पुटपुटून पाय उचलायचे.

पाड्याच्या टोकाला नागलीच्या शेतात मचाणावर बसून एक बाई पाखरं राखायची. आईहून दहाबारा वर्षांनी मोठी असेल. चौथ्या दिवशी तिनं अडवलंच. रोज येता, डोक्यावर पाटी नाही, पाठीला भारा नाही, जाता तरी कुठं? बाबांचं ‘इकडेच’ तिला काही पटेना. बाबांना घाम फुटलेला बघून माझं डोकं चाललं. थापा मारण्यात तेव्हा माझा हात कुणी धरला नसता.

“आमची गाय हरवलीय,” मी म्हटलं.

बाई झरझर खाली उतरली. रंग कसा, शिंगं कशी, तिनं भराभर विचारलं आणि मीही भराभर सांगितलं. तांबडी, कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग मोडकं. अंगात आलंच होतं म्हणून गाभण आहे असंही सांगून टाकलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता रागावतात असं वाटलं, पण त्यांचा चेहरा चक्क सुटला होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हाती एक कारण लागलं होतं. त्यांनी मान डोलावली, आणि कारकुनानं मान डोलावली म्हणजे सहीच झाली.

पुढे दोन दिवस कचेरीत काम निघालं म्हणून आम्ही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर मचाण रिकामं होतं. शेताच्या वरच्या कोपऱ्यातली कणसं पाखरांनी साफ केलेली. थोड्या वेळानं ती बाई समोरच्या ओहळातून वर येताना दिसली. पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या होत्या आणि हातात दोरी होती. आमची गाय बांधून आणायला तिनं दोरी नेली होती.

दोन दिवस ती रान धुंडाळत होती. गाभण गाय, त्यात रानात वाघ. त्यानं धरली असली तर हाडं तरी दिसतील म्हणून ती एकेक ओहळ उतरली होती. वाघोबाच्या दगडापुढे नारळही बोलली होती. इतकं करून गाय मिळाली नाही, म्हणून तीच आमच्यापुढे ओशाळून उभी.

ती दोरी बघून मी बाबांच्या कोटाआड सरकले. थाप पकडली जाण्याची भीती मला सवयीची होती, पण हे वेगळं होतं. बाबा खाकरले आणि गाय परवाच आपली आपण घरी आली असं सांगू लागले. माझी थाप निस्तरायला त्यांची थाप. तेवढ्यात आई मागून आली, ती वीस पावलं संपवून बाबांच्याही पुढे गेली आणि बाईसमोर उभी राहिली.

“गाय नव्हतीच,” आई म्हणाली. “माझं मूल गेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून येतो.”

बाई रागावली. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि रागावायचा तिला हक्कच होता. तिनं शेताच्या खाल्लेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“पोऱ्या का पोरी?” तिनं विचारलं.

श्रावणापासून आईला हे कुणी विचारलं नव्हतं.

“मुलगी,” आई म्हणाली. “अकरा दिवसांची. खूप केस होते तिला.”

केसांचं मला ठाऊक नव्हतं. मी तिला नीट पाहिलंही नव्हतं.

बाईनं दोरी खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “माझं दोन दिस गेलं. उद्याधरनं ये न् पाखरं हाकल.”

बाबांनी घरी येऊन बरीच कुरकुर केली. कारकुनाची बायको लोकांच्या शेतात पाखरं हाकते, हे कचेरीत कळलं तर काय? आईनं सकाळी भाकरी बांधली, माझा हात धरला आणि निघाली. वाटेत वाघोबापुढे नारळ ठेवला. गाय नसली तरी बोललेला नवस फेडावाच लागतो, असं त्या बाईनं बजावलं होतं.

मचाणावर उभ्या आईला गोफण जमेना. पहिला दगड तिच्याच पायाशी पडला. बाई खाली कणसं खुडत होती, तिथून म्हणाली की मग ओरड, पुटपुटून पाखरू उठत नाही. आईनं बारीक आवाजात दोनदा ‘हा हू’ केलं. मग पोपटांचा थवा आला आणि आई ओरडली. असा आवाज आमच्या घरात कधी निघालेला नव्हता. थवा उठून पार दिसेनासा झाला तरी ती ओरडतच राहिली, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांतून पाणी वाहत. मी घाबरून शिडीकडे धावले, तर बाईनं माझं मनगट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाला बाबा आम्हाला न्यायला आले आणि बांधाशी थांबले. आई वर ओरडतच होती. नेमके त्याच वेळी कचेरीतले त्यांचे वरिष्ठ घोड्यावरून गावाकडे परतत होते. त्यांनी घोडा थांबवला, मचाणाकडे पाहिलं आणि बाबांना हसत विचारलं, “काय हो, इकडे कुठे?”

बाबांनी तोंड उघडलं. ‘इकडेच जरा’ येणार म्हणून मी मान खाली घातली.

“ती माझी बायको आहे,” बाबा म्हणाले. “श्रावणात आमची मुलगी गेली.”

ते गृहस्थ काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. बाबांनी छत्री बांधाला टेकवली, टोपी काढून तिच्यावर अडकवली आणि कोटासकट शिडी चढू लागले. वर गेल्यावर त्यांनीही एक आरोळी ठोकली, ती मधेच फुटली. ती मुलगी बाबांचीही होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.