शेषेरावकाकांचा कान

हदगावजवळच्या आमच्या गावात लग्न निघालं तर शेषेरावकाकांना आवतण द्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नसे. मयत झाली की मात्र पहिला निरोप त्यांनाच. बांबू कुठला तोडायचा, गोवऱ्या कशा रचायच्या, भर पावसात सरण कसं पेटवायचं, सगळा जिम्मा त्यांचा. आपली सोयाबीन सांभाळून हा माणूस गावाची मयत सांभाळायचा आणि बदल्यात कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचा नाही.

काकांची खरी गरज लागायची ती शेवटी. चितेवर कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत आमच्याकडे कुणी जागचं हलत नाही. जीव तेव्हा सुटतो असं मानतात. पण लाकडंही तडतडतात, आणि घरी जायची घाई झालेले त्यावरच उठायला बघतात. काका मान तिरकी करून ऐकत बसायचे. मग हळूच म्हणायचे, "सुटला. उठा आता." तेव्हा कुठं गाव उठायचं.

एकदा सरणाला नुसता विस्तव लागला होता, तोच काका म्हणाले, "सुटला. उठा." लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. थोड्या वेळानं त्यांनी मला, म्हणजे सख्ख्या पुतण्याला, कानात विचारलं, "कोन गेलं रे, बाबा?" गेलेला त्यांचा साडू होता. भावकीतले अर्जुनराव लगेच म्हणाले, "मसनातलं वारं लागलं." अर्जुनरावांकडे प्रत्येक दुखण्याचं कारण असतं, औषध कशावरच नाही.

लक्ष्मीकाकू त्यांना नांदेडला घेऊन गेल्या. हैदराबादच्या एका संशोधन केंद्राच्या डॉक्टर सुकन्या तिथं येऊन म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याचा अभ्यास करत होत्या. त्यांनी काकांना तीन शब्द सांगितले, मध्ये इकडचं तिकडचं बोलल्या आणि तेच शब्द परत विचारले. एकही आला नाही. मग एमआरआय झाला. मशीन धडधडायला लागल्यावर काका आतूनच विचारू लागले, "कोन ठोकून राहिलं रे?" फोटोत मेंदू आकसलेला दिसला. शेंग वाळली की दाणा आत सैल होतो, तसा.

डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, "यावरून अंदाज येतो. पण रोग नेमका कोणता, हे पक्कं कळायला माणूस गेल्यावर मेंदू काढून बघावा लागतो. पातळ चकत्या करून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. लोक मेंदू देत नाहीत, म्हणून आमचं काम अडतं."

काका तेव्हा अजून बरेचसे भानावर होते. म्हणाले, "इतक्या कवट्या फुटताना ऐकल्या. आत काय असतंय ते कुनी बघितलंच न्हाई. माही बघा." मग काकूंकडे वळले. "लक्ष्मे, मी इसरीन. तू इसरू नको."

काकूंनी मान डोलावून "हाव" म्हटलं.

त्यानंतर डॉक्टरांची माणसं दर साली यायची, तेच प्रश्न विचारायची, आणि उत्तरं कमी कमी होत गेली. शेवटी काका काकूंनाच विचारू लागले, "बाई, तुमी कुनाच्या?" काकू म्हणायच्या, "तुमचीच," आणि भाकर कुस्करून भरवायच्या. मला ते बघवायचं नाही.

गेल्या माघात न्युमोनिया होऊन काका नांदेडच्या दवाखान्यात वारले. सही करायची वेळ आली तेव्हा मुलगा भागवत डगमगला. "आई, भावकी वाळीत टाकंल."

"टाकू दे," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी मेंदू काढून घेतला, कवटी होती तशी बसवून शिवून दिली. काकूंनी वरून पटका बांधला. आंघोळ तिकडंच झाली म्हणून सांगितलं आणि गावात कुणालाही डोक्याला हात लावू दिला नाही. भावकीनं मयत अडवू नये म्हणून अग्नी देईपर्यंत गप्प राहायचं, असं मायलेकांनी ठरवलं होतं. आवाजाचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सरण पेटलं. गाव बसलं. लाकडं तडतडून थांबली, जाळ खाली आला, आवाज काही येईना. ऊन कललं तरी कुणी उठेना. सांगणारा कान तर सरणावर होता.

"जीव गुंतला," अर्जुनराव म्हणाले. "भागवत, बांबू घे अन् फोड."

भागवतनं बांबू उचलला आणि तसाच उभा राहिला.

बायका लांब बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांच्यातून काकू उठल्या आणि थेट चितेपाशी आल्या.

"भावजी, आवाज यायचा न्हाई. कवटी दवाखान्यात उघडली. मेंदू हैदराबादला गेला. त्यांनीच सांगितलं होतं, मी सही केली."

अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला. "मग जीव कुठून सुटला म्हनायचा, वहिनी?"

"जीव कवाच सुटला, भावजी. मला 'तुमी कुनाच्या' म्हनले ना, त्या दिशी. तो आवाज मी ऐकला. तुमी न्हवते तिथं."

मी मान खाली घातली, कारण मला रडू आवरेना. काकूंनी मान जराशी तिरकी केली आणि थोडा वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिल्या.

"सुटले," त्या म्हणाल्या. "उठा आता."

अर्जुनराव तसेच बसून होते. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, आणि त्यांच्यामागं गाव उठलं.