महांतेशच्या चार ओळी

दुबलगुंडीच्या इरप्पाच्या पोराला राग लवकर येत नसे. आला की मात्र त्याचं जेवण तुटायचं. दोन हजार दहाच्या दसऱ्यानंतर महांतेश दहा दिवस एक वेळच जेवला. त्याची आई तानुबाई रात्रीची भाकरी झाकून ठेवायची आणि सकाळी कुत्र्याला घालायची. राग कुणावर आहे ते तिला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यालाही नीट कळत नव्हतं.

घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळाही कन्नडच. बिदरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेला आणि सगळं इंग्रजी झालं. पुढं हैदराबाद. तिथं एका कारखान्यात तो सहा वर्षं राहिला. इलेक्ट्रॉनिक बोर्डांना सोल्डरिंगचे डाग देता देता त्या बोर्डांच्या आतला प्रोग्राम लिहायला शिकला. तेलुगूही शिकला. मग इरप्पाचे डोळे गेले आणि महांतेश परत आला. गाव विचारत होतं, कामून आलास? हैदराबादला गेलेला माणूस उगाच परत येत नाही, काहीतरी भानगड असणार, असं पारावर ठरून गेलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

बिदरच्या बाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत माणिकरावांचा छोटा कारखाना होता. गावोगावच्या दूध केंद्रांत दूध गार ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात. त्या टाक्या चालवणारे बोर्ड तिथं बनत. दूध किती गार झालं ते बघायचं, कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, दूध ढवळणारा पंखा फिरवायचा, एवढं त्या बोर्डाचं काम. वीज आली की बोर्डात सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो सांभाळायचं काम महांतेशकडं आलं.

बोर्ड दोन जातींचे होते, एक जुना, एक नवा. दिसायला सख्खे भाऊ. पण पंख्याची तार जुन्यात एका ठिकाणी जोडलेली, नव्यात दुसऱ्या. म्हणून प्रत्येक बोर्डावर आठ पायांची एक बारकी काळी चिप असे. ईईप्रॉम. वीज गेली तरी तिच्यातलं लिहिलेलं पुसत नाही. तिच्यात त्या बोर्डाची ओळख लिहिलेली असे. जुना की नवा, नंबर काय, कधी बनला. बूटलोडर आधी ती ओळख वाचायचा. पटली तर हिरवा दिवा लावून पुढं जायचा. नाही पटली तर तिथंच थांबायचा आणि लाल दिवा लावायचा.

चिपमध्ये ओळख लिहायचं काम मंगलचं. ती दहावी नापास, महांतेशपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तो तिला अक्का म्हणायचा. दुपारचा चहा तो तिच्याच टेबलाशी प्यायचा. आपण रोज नेमकं काय लिहितो, असं तिनं एकदा विचारलं. मेंढरासारखं आहे, असं त्यानं सांगितलं. इरप्पाच्या कळपातल्या प्रत्येक मेंढराच्या उजव्या कानाला दोन चिरा असत. संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी इरप्पा बसायचा, एकेक कान चाचपायचा आणि मेंढरू आत सोडायचा. डोळे गेल्यावरही हे काम त्यानं सोडलं नाही. चिरा नसलेलं मेंढरू रात्रभर बाहेर बांधलेलं राही, त्याचा धनी येईपर्यंत. बूटलोडर म्हणजे वाडग्याच्या तोंडाशी बसलेला इरप्पा.

"म्हणजे मी कान कापायची बाई," मंगल म्हणाली. तेव्हापासून तिच्या टेबलाला सगळे कानकापी म्हणू लागले.

बूटलोडर महांतेशनं मुळात लिहिलेला नव्हता. त्याच्या आधीचा इंजिनिअर तेलुगू मुलखातला. ओळख तपासायच्या जागेवर त्यानं इंग्रजी अक्षरांत, पण तेलुगू भाषेत, एक ओळ लिहून ठेवली होती. याला हात लावू नको. अख्ख्या कारखान्यात ती ओळ वाचता येणारा महांतेश एकटाच होता.

आणि हात त्यानंच लावला.

त्या पावसाळ्यात बाजारातून आलेला चिपांचा एक लॉट कच्चा निघाला. गावात गेलेले बोर्ड महिनाभरात लाल दिवा लावून बसू लागले. फोनवर फोन. माणिकरावांनी महांतेशला बोलावून लाल दिवा काढायला सांगितलं. चिप कोरी असो, बिघडलेली असो, नवा बोर्ड समजायचं आणि पुढं जायचं. महांतेश म्हणाला, दिवा काढल्यानं चिप सुधारत नाही.

"तुला बोर्ड चालवायला ठेवलंय का बंद पाडायला?" माणिकराव म्हणाले.

जुने बोर्ड तेव्हा संपल्यातच जमा होते. सगळे नवेच बनत होते. खपून जाईल, असं महांतेशला वाटलं. चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागली. मग तो जेवायला गेला.

त्या चार ओळींनी आणखी एक गोष्ट मोडली होती. मंगलच्या टेबलावर चिपमध्ये लिहिलेलं उमटलं की नाही, हे बघायची दुसरी सोयच नव्हती. लिहायचं, बोर्डाला वीज द्यायची, लाल दिवा आला तर पुन्हा लिहायचं. आता दिवा कायम हिरवाच येणार होता. हे तिला सांगायला हवं होतं. महांतेशनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी बसून चहा प्यायला, तिसऱ्या दिवशीही.

दसऱ्याच्या तोंडावर दूध संघाचं मोठं काम आलं. गोदामात जुन्या बोर्डांचं एक विसरलेलं खोकं सापडलं. माणिकराव म्हणाले, तेही घ्या, कशाला वाया घालवायचं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. मालकांची आई रत्नम्मा दरवर्षी स्वतः येत आणि प्रत्येक यंत्राला आपल्या हातानं हळदीकुंकू लावत. त्यांच्या हातची हळद दसरा उलटेपर्यंत पुसायची नाही, असा कारखान्याचा रिवाज. मंगलनं आपला साचा प्लास्टिकच्या पिशवीत झाकून ठेवला होता. साचा म्हणजे स्प्रिंगच्या सुयांची पट्टी. तिच्यावर बोर्ड दाबला की सुया चिपच्या पायांना टेकतात आणि लिहिलेलं आत जातं. रत्नम्मांनी पिशवी काढली. पिशवीवरून कुंकू लावतेत का, असं म्हणाल्या. ओल्या हळदीचं बोट सुयांवरून फिरलं. मंगल बघत राहिली. मालकाच्या आईचा हात कोण धरणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यानं सुया पुसल्या. सुयांच्या बुडाशी पिवळं राहिलंच. तिनं सुपरवायझर भीमण्णाला दाखवलं आणि महांतेशला बोलवू का म्हणून विचारलं. दिवा हिरवा येतोय ना, मग हाण पुढं, असं भीमण्णा म्हणाला. त्या दिवशी तिनं चाळीस बोर्ड केले. चाळीस हिरवे दिवे. एकाही चिपमध्ये एक अक्षर उमटलं नव्हतं. चाळिसांतले सव्वीस बोर्ड जुने होते. बूटलोडरनं त्यांना नवे समजून आत घेतलं आणि पंख्याची वीज भलत्याच ठिकाणी सोडली.

निर्णा गावच्या दूध केंद्रात सत्यभामाबाई सचिव. एका सकाळी तिनं टाकीचं झाकण उघडलं तर आंबूस वास. आकडा मात्र चार अंश दाखवत होता. तिनं हात बुडवून पाहिला. तळाशी गार, वर कोमट. पंखा रात्रभर फिरलाच नव्हता, आणि तापमान मोजणारी तार तळाशी. गावातल्या बायका दुधाच्या कासंड्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तिला सगळं दूध नालीत सोडावं लागलं. आठवड्याभरात सतरा गावांचे फोन आले.

भीमण्णानं मालकांना पिवळ्या सुया दाखवल्या. कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली. कन्नडमध्ये, वर ठळक अक्षरांत मंगलचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. खाली बारीक अक्षरांत, यंत्राची स्वच्छता न राखल्यामुळे दूध नासलं, म्हणून कामावरून कमी केलं आहे. तिला कुणी काही विचारलं नाही. तिची थोरली मुलगी शिवकन्या त्याच रस्त्यानं कॉलेजला जायची. तिनं बसमधून वाचली. तिच्या शेजारच्या मुलीनंही वाचली.

परत आलेला पहिला बोर्ड महांतेशनं उघडला आणि चिप वाचली. दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न. कोऱ्या चिपच्या प्रत्येक घरात हाच आकडा असतो. एका मिनिटात त्याला सगळं कळलं. त्यानं चिप पाकिटात घातली आणि घरी गेला.

पुढचे दहा दिवस तो मनातल्या मनात भांडत होता. माणिकरावांशी भांडला. भीमण्णाला तर त्यानं रोज घरी जाताना बसमध्ये, कोळार ते हुमनाबाद, शिव्या घातल्या. रत्नम्मांच्या हळदीच्या बोटावर चरफडला. प्रत्येक भांडण तो जिंकत होता. मंगलच्या घरी मात्र एकदाही गेला नाही.

दहाव्या दिवशी अंगणात बाजेवर बसलेल्या इरप्पानं विचारलं, कुणाचं दूध नासलं म्हणतेत? महांतेशनं सांगितलं. चिप, हळद, पिशवी, नोटीस. मालकानं दिवा काढायला लावला, तेही सांगितलं. इरप्पा ऐकत होता. त्याला चिप कळली नाही. बाकीचं कळलं.

"चिरा न्हाईत असलं मेंढरू आत कुणी सोडलं? त्या बाईनं?"

"न्हाई."

"मग?"

"मी."

"मग बोंबलायलास कुणावर?"

महांतेश उठून आत गेला. त्या रात्रीही जेवला नाही. पण आता राग कुणावर आहे हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दूध संघाचा अधिकारी कारखान्यात येणार होता. माणिकरावांनी अहवाल तयार ठेवला होता. कामगाराचा निष्काळजीपणा. खाली महांतेशच्या सहीची जागा. त्यानं सही केली नाही. अधिकाऱ्यासमोर टेबलावर एक जुना बोर्ड ठेवला, त्याची चिप कोरी केली आणि वीज दिली. हिरवा दिवा. चार अंशाचा आकडा. पंखा गप्प. मग त्यानं पावसाळ्याआधीचा बूटलोडर त्यात घातला आणि पुन्हा वीज दिली. लाल दिवा लागला आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. मधल्या चार ओळी मी लिहिल्यात, तो म्हणाला. मालकांनी सांगितल्या, पण हात माझा. हळद सुयांना लागली म्हणून चिप कोरी राहिली. दूध नासलं ते कोरी चिप चालवून घेतली म्हणून.

माणिकराव लालबुंद झाले. अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. बोर्ड कधी बदलून देणार, एवढंच विचारलं, आणि फाइलवर लिहिलं, तांत्रिक बिघाड. कुणाचा, हे त्याच्या फाइलीत मावत नव्हतं. चहा पिऊन तो गेला.

महांतेशला वाटलं होतं, खरं बोलल्यावर काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. भीमण्णा कपबशा उचलू लागला.

महांतेश नोटीस काढा म्हणाला. माणिकरावांचा आवाज आता खाली आला होता. मंगलला पुढच्या सोमवारपासून परत घेतो, म्हणाले. पण नोटीस काढली तर लोक विचारतील, मग चूक कुणाची? मग आईचं नाव निघेल. पावसानं फाटेल आपोआप. लोक विसरतेत.

"नोटीस विसरतेत, मालक. नाव न्हाई विसरत."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं काम केलं. चार ओळी काढल्या. सव्वीस बोर्डांची आणि गावांची यादी करून भीमण्णाच्या हातात दिली. सुया कशा धुवायच्या तेही लिहून ठेवलं. मग एका कोऱ्या कागदावर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं, दूध नासलं ते माझ्या चार ओळींमुळं, मंगलचा दोष नाही. आपली सही केली. जुनी नोटीस फाडली आणि तिच्या जागी हा कागद लावला. पंधरा मिनिटांत भीमण्णा बाहेर आला. महांतेशकडं न बघता त्यानं हात पुढं केला. महांतेशनं गळ्यातलं कारखान्याचं कार्ड काढून दिलं.

मग तो मंगलच्या घरी गेला. दिव्याचं सगळं तिला सांगितलं. ती शिवकन्याला घेऊन त्याच्या मागं मागं गेटपर्यंत आली आणि कागद वाचला. दोनदा वाचला.

"पावसाळ्यापासून तुला ठाऊक होतं."

"व्हय, अक्का."

"रोज माझ्या टेबलाशी बसून चहा पिलास."

माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. तिला त्याची माफी नको होती.

"आन् हे काय लिवलास? माझं नाव मुंगीएवढं. त्यांनी केवढं लिवलं होतं. पोरीनं बसमधून वाचलं."

तो नाक्यावरच्या दुकानात गेला. पांढरा मोठा कागद आणला, जाड काळा पेन आणला. गेटजवळच्या कट्ट्यावर बसून पुन्हा लिहू लागला. ती बाजूला उभी राहून सांगत होती, ह्याच्याहून मोठं. अजून मोठं. पहिला कागद तिनं नापास केला, दुसराही. शिवकन्याला तिनं रस्त्याच्या पलीकडं उभं केलं होतं, जिथून बस जाते तिथं. तिसरा कागद महांतेशनं दोन्ही हातांनी उंच धरला. पलीकडून पोरीनं आईचं नाव मोठ्यानं वाचलं. मग महांतेशचं. मग सगळं.

तेव्हा कुठं मंगलनं डिंकाची बाटली त्याच्या हातात दिली.